डाव्या पंखाची खीळ

नाशकात कुणालाही विचारा, सावळीराम सुतार कोण, तर सांगतील, तोच तो, विमानाची खीळ लपवून ठेवणारा. पंचवीस वर्षं टांगे बांधले मी. पंचवटी कारंज्यापासून नाशिक रोड स्टेशनापर्यंत जे टांगे धावतात, त्यातल्या निम्म्यांना माझा हात लागलेला आहे. ते कुणाच्या ध्यानात नाही. ध्यानात राहिली ती एक खीळ. मारणाऱ्याचा हात धरता येतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. म्हणून जे झालं ते एकदा माझ्या तोंडाने सांगून टाकतो, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

आधी आमच्या घराण्याची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टांगा बांधून झाला की त्याच्या चाकाची शेवटची खीळ आम्ही बसवत नाही. ती खिशात ठेवतो. खीळ नाही म्हणजे चाक आसावर टिकत नाही आणि टांगा हलत नाही. मालकाने नारळ आणायचा, शेला आणायचा, शेला बांधणाऱ्याच्या खांद्यावर टाकायचा, मग आम्ही खीळ ठोकणार. आणि ठोकली की त्या टांग्यात पहिल्यांदा बांधणारा बसणार. मालक नाही, मालकाची बायकापोरं नाहीत. मोडायचाच असेल तर बांधणाऱ्याच्या अंगावर मोडू दे, एवढाच त्यातला अर्थ.

माझा बाप, कारभारी सुतार, ह्या रीतीपायी गेला. एका वाण्यासाठी बांधलेला टांगा, नवं घोडं, गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, जाणारा उतार. आस सरकला आणि सगळा टांगा बापाच्या पाठीवर आला. कंबरेखालचं अंग गेलं. पुढे सहा वर्षं खाटेवर होता. तो वाणी दर दिवाळीला आपली चार पोरं घेऊन यायचा आणि म्हणायचा, कारभारी, त्या दिवशी ही चौघं बसणार होती. तेव्हा मान ताठ असायची बापाची. मला त्या मानेचा अभिमान होता. माझ्या बायकोने, लंकाने, त्याचं सगळं खाटेवर केलं, तेही सांगितलं पाहिजे.

आता त्र्यंबकचं. त्र्यंबक माझा शाळूसोबती. म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीपर्यंत आम्ही एका पट्टीवर बसलो. पुढे तो इंग्रजी शाळेत गेला आणि मी बापाच्या हाताखाली रंधा धरला. त्याच्या वडिलांची वकिली जोरात होती. तो मुंबईला राहून विमान चालवायला शिकून आला. चारचौघांत मी त्याला तात्यासाहेब म्हणायचो, माझ्या कारखान्यात मात्र आमचं अरे-तुरे चालायचं. छत्तीस सालच्या संक्रांतीला तो आला आणि लाकडाच्या ढिगावर बसून म्हणाला,

"सावळ्या, हवेत जाणारा टांगा बांधायचाय. विलायतेहून सुटे भाग येतात, खोक्यात घालून. आपण जोडायचे. दोघांची बसायची सोय आहे, पुढे एक, मागे एक."

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याने नकाशे पसरले आणि माझे डोळे त्यांवरून हलेनात. मोटार सर्व्हिस सुरू झाल्यापासून नवा टांगा बांधून घेणारा वर्षाला एखादाच यायचा. हातांना काम नव्हतं, आणि काम नसलं की माझं डोकं फिरतं.

मी एकच विचारलं. "पहिल्यांदा कोण बसणार?"

"तू. तुझी रीत मला ठाऊक नाही का? मी मागे बसून चालवीन, तू पुढे बस."

त्याने हातावर हात मारला. मी त्यावर दोन वर्षं घातली. दुसरं काही मागितलं नाही, पाटीवर नावसुद्धा नाही. पहिल्यांदा मी बसणार, बस.

चार मोठी खोकी आली. लाकूड पाहून मला हसू आलं. आम्ही बाभळीची माणसं, आसाला बाभूळ, साट्याला, म्हणजे वरच्या सांगाड्याला, साग. हे विलायती लाकूड हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटेना. सरस पण वेगळाच, दुधाच्या भुकटीचा, कालवला की नासक्या दुधाचा वास सुटायचा. त्र्यंबक सूचनांचं चोपडं वाचून सांगायचा आणि मी करायचो. इंचाचे आठवे, सोळावे, बत्तिसावे भाग मी महिनाभरात पाठ केले. तसूत मापायची सवय सुटली ती सुटलीच. आता टांग्याचं मापसुद्धा मी इंचात घेतो.

तिसऱ्या खोक्याला बंदरात पाणी लागलं होतं. पंखाच्या आतल्या फासळ्यांपैकी अकरांचा सरस सुटला होता, चिपा वाकल्या होत्या. त्र्यंबक डोकं धरून बसला. आता विलायतेला पत्र घालायचं, मग सहा महिने वाट बघायची, तोवर उत्साह गेला, असं त्याचं चाललं होतं. मी त्याला म्हटलं, तू घरी जा, आठ दिवसांनी ये. उरलेल्या लाकडातून मी अकरा फासळ्या केल्या. तो आला तेव्हा विलायतेच्या आणि माझ्या एकत्र करून ओळीने मांडल्या आणि म्हटलं, ओळख माझ्या कुठल्या. त्याने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा वजन करून पाहिलं. नाही ओळखता आल्या. तेव्हा त्याने मला मिठी मारली, कोटाला सरस लागला तरी. तेव्हाचा त्र्यंबक खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन.

पंखांवर कापड चढवायचं काम लंकाने केलं. ती चांदवडकडची, गोधडी शिवण्यात तिचा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नाही. मेणाच्या दोऱ्याने कापड एकेका फासळीला टाचायचं होतं. दोन दिवस तिने मुकाट शिवलं. तिसऱ्या दिवशी पंखावर टिचकी मारून विचारलं,

"ह्याच्या आत काय हाय?"

"काय असणार. फासळ्या आणि हवा."

"आन् खाली?"

"खाली पण हवाच."

"ह्या लुगड्यात बसून तुमी वर जानार?"

मी हसलो. म्हटलं, जाणार, आणि तुझ्या माहेरच्या कांद्याच्या खळ्यांवरून फिरून येणार. ती हसली नाही. पुन्हा शिवायला बसली. चोपड्यात सांगितलेल्या अंतरापेक्षा टाके मात्र तिने दुप्पट जवळ घातले. त्र्यंबक म्हणाला, वहिनी, एवढ्याची गरज नाही. तिने ऐकलं नाही.

मग वार्निशाचे हात चढले. पिकल्या केळ्यांसारखा वास महिनाभर आमच्या भाताला, आमटीला येत होता. इंजिन बसलं. महेबूब लोहाराने शेपटीचं लोखंडी काम केलं. माझ्या टांग्यांचं लोखंडकाम करणारा हा महेबूब, कारंज्याच्या मागेच त्याची भट्टी. पोलादातला त्याचा हात मी झोपेतसुद्धा ओळखीन.

सदतीस सालच्या भाद्रपदात त्र्यंबक मला बियाण्यांच्या वखारीत घेऊन गेला आणि पोती तोलायच्या काट्यावर बसवलं. दीड मण दोन शेर भरलो. त्याने ते आकडे खिशातल्या वहीत लिहिले. म्हणाला, विमानात तोल महत्त्वाचा, पुढचा माणूस किती वजनाचा ते कळायला हवं. वखारीतले हमाल हसत होते. मीही हसत होतो. बायकोने चांगलं खाऊ घातलंय म्हटलं.

खंडेनवमीला आम्ही रंधे, करवती आणि ते विमान, सगळ्यांची एकत्र पूजा केली. दसरा झाल्यावर अंगणात पंख उघडून पाहिले. हे पंख मिटतात, रस्त्याने न्यायला सोपं जावं म्हणून. उघडले की दोन्हीकडे दोन-दोन, अशा चार खिळी बसतात, आणि प्रत्येक खिळीच्या टोकाच्या भोकातून तार ओवून पीळ घालायचा. सगळ्या बसवून पाहिल्या, बरोबर बसल्या. मग पंख मिटले, तीन खिळी त्र्यंबकच्या कॅनव्हासच्या पिशवीत गेल्या आणि चौथी, डाव्या पंखाची पुढची, मी माझ्या बंडीच्या खिशात टाकली.

त्र्यंबकने पाहिलं आणि तो हसला. "ठेव, ठेव. शेला आणतो तुझा."

ती खीळ मी घरी देव्हाऱ्यात ठेवली. घर आमचं कारखान्याच्या मागेच. महिन्याभराने तेल लावायला काढली, तर टोकाच्या भोकात कणीक सुकून बसलेली. म्हटलं, उंदीर-बिंदीर फिरला असेल. नखाने काढली, तेल लावलं, परत ठेवली. तेव्हा डोकं चाललं असतं तर. पण माणूस आपल्या देव्हाऱ्यावर कशाला संशय घेईल.

मार्गशीर्षात एका शनिवारी पंख मिटलेलं विमान बैलगाडीच्या मागे बांधून म्हसरूळच्या पुढच्या माळावर नेलं. त्र्यंबकने तिथे ताडपत्रीचा मांडव घातला होता. तो म्हणाला, सरकारी साहेब मुंबईहून मंगळवारी तपासायला येणार, तेव्हाच उडवायचं. मंगळवारी सकाळी सात वाजता ये, नवं धोतर नेसून ये. मी धोतर धुवून ठेवलं होतं, हे सांगायला आता लाज वाटते.

रविवारी सकाळी मी कारखान्यात एका जुन्या चाकाचे आरे बदलत होतो. दारावरून टांगे जायला लागले, एकामागून एक, सगळे भरलेले, सगळे एकाच बाजूला. मोतीराम टांगेवाल्याने लगाम खेचला. त्याच्या टांग्यात सात माणसं होती.

"सावळीरामभाऊ, तुम्ही अजून हितंच?" तो म्हणाला. "म्हसरूळला आज तुमचं विमान उडतंय ना? मुंबईचा साहेब आलाय, तात्यासाहेबांचे पाहुणे आलेत, अख्खं गाव चाललंय."

माझ्या हातातला आरा खाली पडला. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा मला फसवल्याचं दुःख झालं नाही. मला आठवली ती खीळ. ती माझ्याकडे होती. आणि त्र्यंबकची घाई मला लहानपणापासून ठाऊक. पिशवीत तीनच आहेत म्हणून हा पठ्ठ्या थांबायचा नाही, एखादा बोल्ट नाहीतर लाकडाची खुंटी घालून काम भागवेल. जमिनीवर दोन्ही पंख तीन खिळींवरसुद्धा उभे राहतात. वर गेलं की भार खालून येतो, हे त्यानेच मला शिकवलं होतं. डावा पंख मिटला असता आणि तो दगडासारखा खाली आला असता.

मी घरात धावलो, देव्हाऱ्यातून खीळ काढली. लंका स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे होते.

"काय झालं?"

"तो आजच उडवतोय. खीळ माझ्याकडे राहिली. मरेल तो."

ती काही बोलली नाही. उंबऱ्यात उभी राहिली, मी बाहेर पडलो तेव्हाही तिथेच होती.

रस्त्यावर येऊन मी टांगा शोधायला लागलो. पंचवटीतल्या निम्म्या टांग्यांना माझा हात लागलेला, आणि त्या दिवशी मला एकात जागा मिळेना. म्हणून धावलो. बेचाळिसावं वर्ष होतं मला. दिंडोरीचा रस्ता, तीन मैल, वहाण नाक्यापाशीच तुटली ती टाकून दिली. वाटेत जो भेटेल त्याला ओरडून सांगत होतो, थांबवा, खीळ नाही त्याला, खीळ माझ्याकडे आहे. सायकलवाल्यांना सांगितलं, टांग्यातल्या माणसांना सांगितलं. हात वर करून खीळ दाखवत होतो. राग यायचा होता तो कुठेतरी मागे राहिला आणि पाय पुढे गेले.

माळ दिसला तेव्हाच आवाज आला. इंजिनाचा तो आवाज मी माझ्या अंगणात शंभरदा ऐकला होता, पण हा वरून आला. विमान लोकांच्या डोक्यावरून उचललं गेलं आणि माझ्या बाजूला वळलं. मी बांधावर उभा राहून ओरडत होतो, उतर रे, त्र्यंबक, उतर. माणसं माझ्याकडे बघत होती. डाव्या पंखावरून माझी नजर हलत नव्हती. लंकाचे टाके खालून दिसतात की काय असं वाटण्याइतकं ते जवळून गेलं. पंख मिटला नाही. म्हसरूळच्या वर एक फेरा, दुसरा फेरा, आणि मग ते माळावर अलगद टेकलं. लोकांनी टोप्या उडवल्या. मी बांधावरच बसलो.

मग उठून गर्दीतून पुढे गेलो. कुणाच्याही आधी मी डाव्या पंखापाशी पोचलो. तिथे खीळ होती. काळी, नवी, मोटारीच्या आसाच्या पोलादाची, डोकं सहा बाजूंनी ठोकलेलं. तार ओवलेली, पीळ दिलेला. असं डोकं नाशकात एकच माणूस ठोकतो.

महेबूब तिथेच उभा होता. माझ्याकडे बघून त्याला आनंदच झाला.

"उठलास का, सावळीराम? भाभी काल म्हणाल्या तुला ताप भरलाय, आठ दिवस उठायचा नाहीस. म्हणाल्या, तुझीच इच्छा आहे की एक जादा खीळ करून द्यावी. कणकेतला छाप त्यांनीच आणून दिला. बघ, केस शिरणार नाही अशी बसवलीय."

त्याने काम चोख केलं होतं.

मग मी पुढच्या जागेकडे पाहिलं. माझी जागा. पट्ट्यांनी करकचून बांधलेली दोन पोती होती तिथे, तोंड शिवलेली. एका पोत्याच्या शिवणीतून वाळू गळत होती, गंगेची ओली वाळू. माझं वजन कशाला लिहून घेतलं होतं ते मला तेव्हा कळलं. दोन वर्षं सरस, रंधा, फासळ्या, आणि माझ्या जागेवर दीड मण दोन शेर वाळू.

त्र्यंबक उतरला. त्याच्या गळ्यात हार होते, चष्मा कपाळावर. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला, हे मी नीट पाहिलं.

"मंगळवार म्हणाला होतास," मी म्हटलं.

"नियम असतो. पहिल्या उड्डाणाला माणूस बसवत नाहीत, वजन ठेवतात."

"मग तसं सांगायचं होतंस. वजन करताना सांगायचं होतंस."

तोवर पाहुणे जवळ आले, मुंबईचा साहेबही आला. वाटेत मी ओरडत आलो होतो ते माझ्याआधी तिथे पोचलं होतं. कुणीतरी म्हणालं, हाच तो, ह्यानेच खीळ काढून ठेवली होती, दाखव रे हात. माझ्या मुठीत खीळ होतीच. साहेबाने ती घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि त्र्यंबकला इंग्रजीत काहीतरी विचारलं.

आता इथे ऐका. त्र्यंबकला आमची रीत लहानपणापासून ठाऊक. त्याच्या वडिलांच्या टांग्यात पहिल्यांदा माझा बाप बसला होता आणि त्र्यंबक तेव्हा टाळ्या पिटत होता. दोन वाक्यं बोलायची होती त्याला. ही ह्यांच्या घराण्याची पद्धत आहे, ह्यात वाईट काही नाही, आणि ह्या माणसाने हे विमान माझ्याबरोबर बांधलंय. दोन वाक्यं. त्याने एकदा पाहुण्यांकडे पाहिलं, एकदा माझ्या अनवाणी पायांकडे. मग साहेबाला इंग्रजीत थोडकंच काहीतरी सांगितलं, साहेब हसला, पाहुणे हसले, आणि खीळ माझ्या हातात परत आली.

"मिस्त्री," त्र्यंबक मला म्हणाला, "दुसऱ्या फेरीला बसा हो तुम्ही. ही पोती काढायला सांगतो."

मिस्त्री. आणि बसा हो. सोन्याच्या ताटात वाढून शेण खायला घातलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

"पहिल्यांदा बसतो तो बांधणारा," मी म्हटलं. "दुसऱ्यांदा बसतं ते गिऱ्हाईक. मी तुमचं गिऱ्हाईक नाही, तात्यासाहेब."

आणि निघालो. मागून महेबूब हाका मारत होता. येताना मोतीरामने टांगा थांबवला, तोही नको म्हटलं. चालत आलो. रस्त्याने येणारे-जाणारे हळू आवाजात बोलत होते, मला ऐकू येत होतं.

घरी पोचलो तेव्हा लंकाने ताट वाढून झाकून ठेवलं होतं. मी खीळ तिच्यापुढे जमिनीवर टाकली.

"कणकेत छाप तू घेतलास."

"घेतला," ती म्हणाली. नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

"त्र्यंबककडे गेली होतीस?"

"गेले. पदर पसरला त्येंच्यापुढं. म्हनलं, ह्यांला बसवू नका. ते म्हनले, खिळीबिगर विमान हलत नाय आन् सावळ्या खीळ द्यायचा नाय. म्हनलं, खिळीचं मी बगते. महेबूबभाईला मी खोटं सांगितलं. त्येंचा दोष नाय."

"आमच्या घराण्याची रीत आहे ती. माझा बाप त्या रीतीपायी गेला."

तेव्हा ती उसळली. वीस वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

"गेला नाय तुमचा बाप. सा वर्सं गेला नाय. पाठ सडली त्येंची, त्यातले किडे म्या वेचले. तुमी कारखान्यात होता. वाणी आला की मान ताठ करायचे, त्यो गेला की मला पानी मागायचे आन् रडायचे. शेवटच्या वर्सी माझा हात धरून काय म्हनले ठावं हाय? म्हनले, पोरी, मी बसलो ते लाजंखातर बसलो, सावळ्याला बसू देऊ नको. तुमाला नाय सांगितलं. तुमच्या डोळ्यांत मोठं ऱ्हायचं होतं त्येंला. टांग्याला म्या गप ऱ्हायले, टांगा भुईवर तरी हाय. ह्याला नाय ऱ्हायले."

मी भिंतीला टेकून बसलो. त्र्यंबक गेला, बायको गेली, आणि आता बापही गेला. एका रविवारात माणसाचं किती जावं.

मग मी म्हटलं, "ते सगळं असू दे. पण सकाळी तू उंबऱ्यात उभी होतीस. खीळ बसलेली आहे, तो मरणार नाही, हे तुला ठाऊक होतं. तरी मला तीन मैल धावू दिलंस. गावभर ओरडू दिलंस. एक शब्द बोलायचा होतास."

तिने खाली पाहिलं. "बोलले असते तर तुमी त्येंला मारायला गेला असता. नाय बोलले, तर वाचवायला गेला." मग म्हणाली, "मला वाटलं, तसं गेलेलं बरं."

पण तिचं खरं असलं म्हणून माझं लागलेलं कमी होत नाही. जीव वाचवला म्हणता, कुणाला विचारून वाचवला? मी त्या दिवशी जेवलो नाही आणि पुढे चार महिने तिच्याशी कामापुरतंच बोललो. त्र्यंबकने महेबूबच्या हाती शेला आणि नारळ पाठवला. शेला मी परत धाडला. विमान कधीमधी पंचवटीवरून जातं, तेव्हा कारखान्यातली माणसं बाहेर धावतात. मी मान वर करत नाही. माझ्या अकरा फासळ्या त्यात आहेत, त्या मला न बघताही दिसतात.

गेल्या महिन्यात मोतीरामने नवा टांगा बांधून घेतला. गावात माझ्याबद्दल काय बोलतात ते त्याला ठाऊक आहे, तरी तो माझ्याकडेच आला. शेवटची खीळ मी रीतीप्रमाणे खिशात ठेवली. त्याने नारळ फोडला, शेला खांद्यावर टाकला, मी खीळ ठोकली. मग पायरीवर पाय ठेवला. लंका दारात उभी होती. तिने हाक मारली नाही आणि मीही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. बसलो. मोतीरामने घोडं हाकलं, गंगेकडच्या उतारावरून नेऊन परत आणलं.

टांगा सुरेख चालला. कुठे कुरकुर नाही, चाक हलत नाही. दारात येऊन उतरलो तर माझे दोन्ही पाय लटलटा कापत होते. पंचवीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. लंकाने ते पाहिलं आणि ती आत निघून गेली.